रंगाचा उतार आणि उजेडाचे ठिकाण

गेल्या वर्षी आमच्या भागातील एका देवस्थानच्या उत्सवसमितीने मुलांसाठी चित्रस्पर्धा ठेविली होती. विषय होता ‘दिवजांची रात्र’. गोमंतकाबाहेरच्या वाचकांसाठी एवढेच सांगितले पाहिजे की, पेटविलेली मातीची दिवजे हाती घेऊन सुवासिनी रात्री देवळाभोवती फिरतात, तो हा उत्सव. परीक्षक म्हणून तिघांना बोलाविले होते. त्यांत आम्ही एक. संगणकावर काढलेली चित्रेही या वेळी प्रथमच चालणार होती. एकूण ३१ चित्रे आली, त्यांपैकी १९ संगणकावरची. ती सभामंडपात दोरीवर ओळीने टांगली होती. पहिली तीन पाहून आम्ही थक्क झालो, सातवे पाहताना कंटाळलो, आणि शेवटाला पोचलो तेव्हा मनात एकच प्रश्न उरला होता: या सगळ्या रात्री एकाच कारखान्यातून आल्या काय? प्रत्येक चित्रात आकाश वरून खाली तेच निळे विरत आलेले, प्रत्येक दिव्याभोवती तेच पिवळे वर्तुळ मऊपणे मावळलेले, आणि प्रत्येक दीपस्तंभ फुगवलेल्या फुग्यासारखा गुळगुळीत. हात निरनिराळे, पण डोळा एकच. आणि तो डोळा मुलांचा नव्हता.

हा डोळा कोणाचा, याचा शोध घेण्यासाठी आम्ही त्या मुलांनी वापरलेला प्रोग्राम घरी आणून त्यावर पंधरा-वीस संध्याकाळी घालविल्या. प्रस्तुत लेख हा त्या उद्योगाचा हिशेब आहे.

प्रोग्रामचे नाव ‘टक्स पेंट’. बिल केंड्रिक यांनी २००२ साली तो लहान मुलांसाठी सुरू केला, आणि आजतागायत तो विनामूल्य व मुक्त आहे. कोणीही घ्यावा, वाटावा, त्याची घडण उघडून पाहावी. लिनक्सचे बोधचिन्ह असलेला पेंग्विन पक्षी त्यात मुलांना सूचना देत असतो. डाव्या बाजूस साधने, उजवीकडे त्या साधनांचे प्रकार, खाली रंगांची ओळ, एवढाच संसार. आपल्या वाचकांना आवर्जून सांगण्यासारखी गोष्ट अशी की, या प्रोग्रामची भाषांतरे मराठीत आहेत, तशीच कोंकणीतही आहेत. आणि कोंकणीत देवनागरी व रोमी अशी दोन्ही लिप्यांतली आहेत. लिपीचे जे भांडण आपल्याकडे व्यासपीठांवर मिटत नाही, ते या पेंग्विनाने दोन्ही पाने शेजारी ठेवून टाळले आहे. असो.

आमचा विषय त्यातील एकाच साधनाचा आहे. बंदिस्त आकृतीत रंग ओतण्याचे जे साधन असते, त्यात गेल्या काही वर्षांतील आवृत्तींनी ‘ग्रेडियंट’ची सोय केली आहे. ग्रेडियंट म्हणजे रंगाचा उतार: एका ठिकाणी गडद असलेला रंग हळूहळू फिका होत नाहीसा होणे. हा उतार येथे तीन प्रकारे मिळतो. पहिला सरळ उतार: आकृतीत बोट किंवा माऊस टेकवून ओढत न्यावयाचे, आणि ज्या दिशेस ओढले त्या दिशेस रंग विरत जातो. दुसरा वर्तुळाकार उतार: एकदा टिचकी मारली की तेथून चहूकडे रंग विरतो. तिसरा आकारानुसारी उतार: टिचकी मारली की आकृतीच्या कडा पाहून, त्यांच्या वळणावळणाने रंग विरतो, आणि सपाट आकृती उठावदार दिसू लागते. रंग प्रत्येक वेळी एकच. तो खाली जे काही आधी असेल त्यात विरघळतो. मोठ्यांच्या प्रोग्राममध्ये याहून पुष्कळ पसारा असतो. विंडोजवरील ‘पेंट डॉट नेट’ या तशा साध्याच प्रोग्राममध्येही दोन रंगांमधला उतार मिळतो, आणि तो काढून झाल्यावर त्याची टोके धरून पुन्हा सरकविता येतात. टक्स पेंटमध्ये तसे नाही. बोट उचलले की झाले. नको असेल तर मागे घ्यावे आणि नव्याने ओढावे. आम्हांस ही उणीव वाटत नाही. चुना ओला असेपर्यंतच हात चालवावा लागतो, हे ज्यांनी भिंतींवर काम केले त्यांस ठाऊक होते.

भिंतींचा उल्लेख ओघात आला, तर तेथूनच पुढे जाऊ. गोमंतक, दक्षिण कोकण आणि कारवारपासून पुढे कुमठ्यापर्यंतच्या किनारपट्टीतील जुन्या देवळांत कावीकाम आहे. पांढऱ्या चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या मातीचा थर द्यावयाचा आणि तो वाळण्यापूर्वी टोकदार हत्याराने खरवडून खालचा पांढरा उघडा करावयाचा, अशी ही कला. तांबडे आणि पांढरे यांच्यामध्ये तिसरे काही नाही. मधली छटा हवी असेल तर रेघा दाट काढावयाच्या किंवा विरळ. या कामात उतार नावाची वस्तूच नाही, तरीसुद्धा त्यातल्या हनुमंताची मांडी गोल वाटते आणि वेलीचे पान वळलेले दिसते. तेव्हा रंगाचा उतार हा चित्रकलेचा प्राण नव्हे, एवढे आमच्या घराजवळच्या भिंतींनीच सिद्ध करून ठेविले आहे.

परंतु तो केवळ अलंकारही नव्हे. सावळाराम हळदणकर यांचे ‘ग्लो ऑफ होप’ हे जलरंगातील चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे. सावंतवाडीस जन्मलेल्या या चित्रकाराने १९४५-४६च्या सुमारास ते रंगविले आणि हातात दिवा घेतलेल्या स्त्रीसाठी त्यांची कन्या उभी राहिली होती. ज्यांनी मूळ पाहिले नाही त्यांनीही त्याची छापील प्रत कोठे ना कोठे पाहिली असेल. ज्योतीसमोर धरलेल्या हाताची बोटे लालसर उजळतात, मुखावर उजेड चढतो, आणि पदराच्या घड्यांत तो संपतो. येथे सर्व काही उतार आहे. पण त्या उताराच्या प्रत्येक इंचाला आपण ‘का?’ असे विचारू शकतो, आणि प्रत्येक वेळी उत्तर एकाच ठिकाणाहून येते: बोटांआड लपलेल्या त्या ज्योतीकडून. रंग फिका झाला, कारण अंतर वाढले. गडद झाला, कारण वस्त्राची घडी वळली. लाल झाला, कारण उजेड रक्तामांसातून आला. आमच्या मते रंगाच्या उताराचे परीक्षण करण्याची हीच कसोटी होय. उतार म्हणजे उजेडाविषयी, अंतराविषयी किंवा वळणाविषयी केलेले एक विधान आहे. ते खरे तरी असेल किंवा खोटे तरी असेल. नुसते ‘मऊ’ म्हणून त्याची सुटका होत नाही.

या कसोटीवर टक्स पेंटचे तीन प्रकार लावून पाहिले, तेव्हा आम्हांस जे आढळले ते प्रथमदर्शनी वाटले त्याच्या नेमके उलट होते. जो प्रकार सर्वांत चमकदार, तो सर्वांत निकृष्ट. आणि जो सर्वांत साधा, तो सर्वांत शहाणा.

सरळ उतार घ्या. येथे मुलाला ओढावे लागते. ओढण्यासाठी दिशा लागते, आणि दिशा ठरविण्यासाठी क्षणभर का होईना, विचार करावा लागतो: रंग कोठे गडद, कोठे विरळ? आकाशाला हा उतार शोभतो, आणि त्याला कारण आहे. डोक्यावरचे आकाश पाहताना आपण हवेच्या थोड्या थरातून पाहतो. क्षितिजाकडे पाहताना तीच हवा कितीतरी पटीने जाड लागते, म्हणून निळा तेथे पांढुरका होतो. वरून खाली ओढलेला निळा अशा रीतीने खरे बोलतो. आम्ही मुद्दाम उलटे, खालून वर ओढून पाहिले. घरातल्या एका लहानग्याने ते पाहून ‘हे आकाश नाही, पाणी आहे’ असा निकाल दिला. तो बरोबर होता. एकाच साधनाने, केवळ हाताच्या दिशेने, आकाशाचे पाणी होते, ही गोष्ट मुलाला जर हाताने कळली, तर त्या साधनाने आपले काम केले असे म्हणावयास हरकत नाही.

येथे एक अडचण नोंदविली पाहिजे, कारण ती प्रत्येकास येते. रंग ओतण्याचे साधन सारख्या रंगाच्या सलग जागेपुरतेच धावते. एकदा उतार दिला की त्या जागेत सारखा रंग उरत नाही. मग त्यावर पुन्हा ओतावयास गेले तर टिचकीच्या आसपासचा एक पट्टाच रंगतो आणि बाकीचे आकाश कोरडे राहते. तेव्हा क्रम आधी ठरवावा लागतो: दिवा अगोदर की रात्र अगोदर? रेघेत कोठे बारीक फट राहिली तर रंग अंगणातून गाभाऱ्यात शिरतो, ते निराळेच.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. पडद्यावरचा प्रत्येक ठिपका तांबडा, हिरवा, निळा अशा तीन मूळ रंगांचा, आणि प्रत्येकाच्या सामान्यतः २५६ पायऱ्या. मोठ्या आकाशात रंग थोडाच बदलावयाचा असेल, समजा ८०० ठिपक्यांच्या उंचीत ४० पायऱ्या, तर प्रत्येक पायरी २० ठिपके रुंद होते. आणि रात्रीच्या गडद रंगात त्या पायऱ्या डोळ्यांस पट्ट्यांसारख्या दिसू लागतात. स्पर्धेतील बऱ्याच आकाशांना असे पट्टे होते. त्यावर उपाय आमच्या अंगणातल्या बायकांना कधीचा माहीत आहे. रांगोळीत गुलाबी रंग पांढऱ्यात मिळवावयाचा असेल तेव्हा त्या मधली छटा डब्यातून काढीत नाहीत. अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीतून गुलाबीचे कण पांढऱ्यावर अधिकाधिक विरळ पाडीत जातात. डोळा उरलेले काम करतो. मोठ्या प्रोग्राममध्ये ठिपक्यांची हीच विखुरणी करून पट्टे मोडतात. टक्स पेंटमध्ये मुलाला ते हाताने, फवाऱ्यासारख्या उमटणाऱ्या कुंचल्याने करावे लागेल. करावे, त्यात बिघडले काय?

आता वर्तुळाकार उतार. या स्पर्धेत सर्वांत अधिक वापर याचाच झाला, आणि विषय पाहता ते स्वाभाविक होते. दिवा म्हटला की भोवती तेजोवलय. पण तेथेच मोठी फसगत आहे. दिव्याचा उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो: दुप्पट दूर गेले की चतुर्थांश, तिप्पट दूर गेले की नवमांश. म्हणजे ज्योतीच्या अगदी लगत तो झपाट्याने कोसळतो आणि मग लांबवर, भिंतीच्या कोपऱ्यापर्यंत, क्षीण होत रेंगाळतो. साधनातला उतार मात्र केंद्रापासून कडेपर्यंत एकाच संथ चालीने उतरतो. त्यामुळे काळ्या रात्रीत टिचकी मारून उमटविलेले पिवळे वर्तुळ दिव्याच्या उजेडासारखे न दिसता पिवळ्या चेंडूसारखे, फार तर धुक्यातल्या चंद्रासारखे दिसते. शिवाय केंद्र आपण निवडतो, पण पसारा निवडता येत नाही. तो ओतावयाच्या जागेवरून ठरतो. एका चित्रात पाच सुवासिनी होत्या आणि पाचही दिवजांभोवती सारखीच पाच वलये. त्या पाचांचा उजेड एकमेकींच्या चेहऱ्यावर, लुगड्यांच्या काठांवर, मागच्या भिंतीवर पडलाच नव्हता! उजेड वलयापुरता कोंडलेला. दिवजांची रात्र पाहिलेल्या मुलाने असे काढले, याचे आम्हांस वाईट वाटले. कारण त्या रात्री दिवे पाहण्यासारखे नसतातच, पाहण्यासारखे असतात ते दिव्यांनी उजळलेले चेहरे.

याचे खापर आम्ही सगळे साधनावर फोडणार नाही. ही वलये मुलांच्या डोळ्यांत आधीपासून होती. दिनदर्शिकांवरील देवतांच्या मस्तकामागे मऊ तेजोवलय आपण तीन पिढ्या पाहत आलो. गोमंतकात जन्मलेल्या रघुवीर मुळगावकरांच्या चित्रांत या मऊपणाला कारागिरीची तोड होती; गालावरचा रंग कानाकडे जाताना कोठे संपला ते सापडत नसे. त्यांच्यामागून आलेल्या नकलांत मऊपणा उरला, कारागिरी गेली. आणि आता तर कोणत्याही उत्सवाचे निमंत्रणपत्र घ्या, केशरीतून पिवळ्यात उतरणारी पार्श्वभूमी ठरलेली. गाभाऱ्यातली चांदीची प्रभावळ पाहा: तिला उतार नाही, तिला कोरीव, तीक्ष्ण कडा आहेत, ती चमकते ती समईचा उजेड ठोकलेल्या पत्र्यावर ठिकठिकाणी फुटतो म्हणून. रोज ती पाहणारे लोकच पत्रिकेसाठी छापखान्यात जाऊन पिवळे वलय मागतात, याचे नवल वाटते.

तिसऱ्या प्रकाराविषयी आमचा अभिप्राय कडक आहे. आकारानुसारी उतार एका टिचकीत सपाट आकृतीला उठाव देतो, म्हणून मुले त्यावर लुब्ध होतात, आणि पालक त्याहून अधिक. पण हा उठाव कोणत्या उजेडात? उजेड डावीकडून आहे की उजवीकडून, वर चंद्र आहे की खाली दिवा, हे साधन विचारीत नाही आणि मुलालाही विचारू देत नाही. कडा पाहून ते उत्तर देऊन मोकळे होते. सरळ उतारात मुलाने केलेली निवड येथे आधीच कोणीतरी करून ठेविलेली असते.

याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे दीपस्तंभ. मंगेशीचा सात मजली दीपस्तंभ ज्यांनी पाहिला असेल त्यांनी तो डोळ्यांसमोर आणावा. आपल्याकडील असे स्तंभ बहुधा बहुकोनी असतात, चुन्याने पांढरे केलेले. त्यांचे सौंदर्य कशात आहे? एका बाजूवर ऊन लख्ख, तिच्या शेजारची बाजू एकदम मंद, तिसरी निळसर सावलीत. हा बदल हळूहळू होत नाही. कोन आला की तुटतो. कोन म्हणजेच तो तुटणे. घुमटाचे निराळे, घुमट गोल, तेथे उजेड वळणाबरोबर सावकाश ढळतो, तेथे उतार खरा. एकाच देवळात चार हातांच्या अंतरावर उतार आणि पायरी या दोन गोष्टी शेजारी उभ्या आहेत, आणि त्यांतला भेद ओळखणे म्हणजेच त्या देवळाकडे पाहणे. तिसऱ्या प्रकाराने हा भेद पुसला. त्या १९ चित्रांत बारा दीपस्तंभ होते आणि त्यांपैकी दहा फुग्यासारखे फुगलेले.

कोणी म्हणेल, तीन वर्षांच्या मुलापासून चालावा म्हणून केलेल्या खेळण्याला एवढा काथ्याकूट कशास? मूल हसले, रमले, पुष्कळ झाले. हा आक्षेप आम्ही अर्धा मान्य करतो. तीन वर्षांच्या बालकाने तिसरा प्रकार खुशाल वापरावा. त्याला त्या जादूचा आनंद आहे आणि आनंद पुरेसा आहे. पण स्पर्धेतली मुले दहा-बारा वर्षांची होती, आणि त्यांना बक्षीस द्यावयाचे होते. बक्षीस म्हणजे वडीलधाऱ्यांनी ‘असे पाहावे’ म्हणून दिलेला कौल. तेव्हा प्रश्न पेंग्विनाचा उरत नाही, परीक्षकांचा होतो.

आणि परीक्षकांत एकमत झाले नाही. आमच्या दोघा सहकाऱ्यांनी, जे वयाने व मानाने आमच्याहून मोठे आहेत, पहिल्या क्रमांकासाठी एक अत्यंत सफाईदार चित्र निवडले. त्यात तिन्ही प्रकारचे उतार होते आणि एकही चूक नव्हती. आम्ही एका दुसऱ्या चित्रापाशी अडून बसलो. त्याचे आकाश जवळजवळ सपाट. फक्त खालच्या कडेला, देवळाच्या अंगणाच्या बाजूने वर एक तांबूस सरळ उतार ओढलेला, जणू अंगणातल्या दिव्यांचा उजेड अंधारात चढत आहे. मध्ये एकच स्त्री आणि एकच दिवज. त्या दिवजाभोवती वर्तुळाकार उतार नव्हताच. काढणारीने हाताने सात वेडीवाकडी कडी काढली होती आणि प्रत्येक कड्यात एकेक सपाट रंग ओतला होता: ज्योतीलगतची कडी बोटभर अरुंद, बाहेरची रुंद होत गेलेली. पिवळा, केशरी, तांबडा, विटकरी, तपकिरी. दुरून पाहिले तर तो दिवा जळत होता. जवळून पाहिले तर ते थेट कावीकाम होते.

सहकारी म्हणाले, ‘काम अपुरे आहे, हिला ग्रेडियंट येत नसावा.’ आम्ही आकाशाच्या तळाशी ओढलेला उतार दाखविला. येत होता. तिने तो जेथे हवा तेथे वापरला आणि जेथे खोटा ठरला असता तेथे टाकून दिला. आमचे म्हणणे टिकले नाही. दोन विरुद्ध एक. चित्राला उत्तेजनार्थ बक्षीस मिळाले, म्हणजे एक वही आणि रंगपेटी.

समारंभानंतर ती मुलगी आईबरोबर नारळाच्या झाडाखाली उभी होती. आम्ही तिला विचारले, ‘बाय, हीं कडीं कित्याक काडलीं गो?’ तिने आमच्याकडे जरा नवलाने पाहिले, इतकी साधी गोष्ट या मोठ्या माणसाला कशी कळत नाही असे, आणि म्हणाली, ‘दिव्या लागीं उजवाड चड आसता, मागीर बेगीन उणो जाता. तें एके टिचकेन जायना.’

घरी परतल्यावर आम्ही त्याच रात्री टक्स पेंट उघडून तशी सात कडी काढून पाहिली. आमची चौथी कडी फार रुंद झाली, आणि दिवा विझल्यासारखा दिसू लागला. आतापर्यंत नऊदा काढून झाले आहे.